लिथियमची भिंत आणि आमचा अबोला

"मुजावरभाऊ, साहेबांना सांगा, मी आत निघाले."

साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मुजावरभाऊंनी त्यांच्याकडं मान वळवली. "साहेब, मॅडम आत निघाल्या."

"मॅडमला विचारा, दोर बांधला का?"

"मॅडम, दोर बांधला का?"

"कमरेला बांधलाय. डोळे असतील तर दिसेल म्हणावं."

हे शेवटचं वाक्य मुजावरभाऊंनी पुढं पोचवलं नाही. शहाणा माणूस. आमच्या केंद्रातले ते सगळ्यात जुने तंत्रज्ञ, साताऱ्याचे, दोन मुलींची लग्नं लावून मोकळे झालेले. गेला महिनाभर आमचा हा तमाशा त्यांच्या गळ्यात पडला होता. मी आणि पुंडलिक भोयर एकाच प्रयोगावर काम करत होतो आणि एकमेकांशी अक्षरही बोलत नव्हतो.

फलटणच्या पुढं माळावर आमचं केंद्र होतं आणि त्यात आमचं यंत्र, वलय. ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आडवी ठेवावी तसं एक पोकळ पोलादी कडं. त्यातली सगळी हवा काढायची, थोडासा हायड्रोजन सोडायचा आणि तो इतका तापवायचा की त्याचा प्लाझ्मा होतो. हा प्लाझ्मा चुंबकांच्या जोरावर मधे धरून ठेवायचा, भिंतीला टेकू द्यायचा नाही. पण त्याची कड टेकतेच. टेकली की तिथला हायड्रोजन गार होतो आणि भिंत तो परत प्लाझ्माच्या अंगावर टाकते. तापल्या तव्यावर कुणी सारखं पाणी शिंपडत राहावं तसं ते. कड गार पडली की सगळा कारभार आटोपला.

त्यावर उपाय म्हणजे भिंतीला लिथियम लावायचा. लिथियम हायड्रोजन गिळून बसतो, परत देत नाही. कड गरम राहते. हे काम माझं होतं. कड्याच्या एका बाजूला मी एक छोटी भट्टी बसवली होती. तिच्यात लिथियम तापवायचा, त्याची वाफ आतून भिंतीवर बसायची. पहिल्याच खेपेला कडेचं तापमान असं काही वर गेलं की मी घरी इचलकरंजीला फोन करून आईला सांगितलं. तिला काय कळणार, पण तिनं देवापुढं साखर ठेवली.

आणि मग गुरुवारच्या सभेत पुंडलिक भोयर उभा राहिला.

कडेचं तापमान मोजायचं काम त्याचं. नागपूरकडचा, सहा फूट उंच, आवाज असा की शेजारच्या इमारतीतला माणूस दचकावा. आमची मैत्री पीएचडीपासूनची. सगळ्या केंद्रात त्याला पुंड्या म्हणायचा हक्क फक्त मला होता. त्या दिवशी दुपारी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी आणि सगळा खर्डा खाऊन हा बाबा चार वाजता भर सभेत संचालकांसमोर म्हणतो, "मला नाही वाटत लिथियम पूर्ण फिरला म्हणून. भट्टीसमोर बसला असेल. पलीकडची बाजू कोरी असणार. माझी मोजमापं दोन्हीकडं सारखी येत नाहीत."

मी मनात म्हटलं, अरे मेल्या!

सभा संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. "जेवताना तोंड शिवलं होतं काय तुझं?"

"जेवताना कशाला हा विषय, म्हणून नाही बोललो."

"आणि संचालकांसमोर कशाला हा विषय, असं नाही वाटलं?"

"तू ऐकली असती का, इंदू? मी म्हटलं असतं तर तू कधी ऐकलं आहे माझं? एकदा तरी तुझ्या तोंडून 'तुझं बरोबर' असं निघालं आहे का?"

"निघणारही नाही," मी म्हटलं. आमचं शेवटचं बोलणं ते.

आता दिल्लीहून समिती यायची होती. माझ्या प्रयोगाला मोठी भट्टी द्यायची की प्रयोगच गुंडाळायचा हे ती ठरवणार होती. मी म्हणत होते, लिथियम सगळीकडं बसलाय. भोयर म्हणत होता, नाही. संचालक म्हणाले, "मग कडं उघडा आणि बघा." भिंतीवर ठिकठिकाणी मी पोलादाच्या छोट्या चकत्या स्क्रूनं लावून ठेवल्या होत्या. त्या काढून आणल्या की कुठं किती लिथियम बसला ते समोर येणार होतं. कड्यात शिरायचं भोक, म्हणजे पोर्ट, अरुंद; मी बुटकी. म्हणून आत जायचं काम कायम माझं.

आत जायचा नियम एकच होता. आमच्या जुन्या प्रमुखांनी घालून दिलेला. आत गेलेल्या माणसानं सतत बोलत राहायचं आणि बाहेरच्यानं ऐकत राहायचं. भाजीचे भाव सांगा, पाढे म्हणा, शिव्या द्या, पण बोला. आवाज थांबला की काही न विचारता दोर ओढायचा. कारण लिथियमला दमट हवा सोसत नाही, म्हणून बंद असताना कड्यात आर्गॉन वायू भरून ठेवतात. त्याला वास नाही, रंग नाही. हवेपेक्षा जड, त्यामुळं तळाशी साचतो. त्यात श्वास घेतला तरी जीव घाबरा होत नाही. माणूस आरामात पडतो आणि पडल्या जागी मरतो. म्हणून उघडल्यावर कड्यात पंख्यानं चांगली हवा खेळवायची, ऑक्सिजनचा मीटर बघायचा आणि मगच आत जायचं. हे सगळं आम्ही केलं होतं. मीटर पोर्टच्या तोंडाशी टांगलेला होता आणि हवा ठीक दाखवत होता.

फक्त बोलण्याचा नियम मी मोडला.

"मुजावरभाऊ," मी मास्क चढवता चढवता म्हटलं, "मास्कमधून माझं बोलणं काही कळायचं नाही. मी पान्यानं ठोकत राहीन. ठोका ऐकू आला की समजायचं, मी ठीक आहे."

मास्क होता तो लिथियमच्या धुळीसाठी. घसा भाजून काढते ती धूळ. मास्कमधून बोलणं चांगलं कळायचं. पण तास-दोन तास मी बडबडत राहायचं आणि ते भोयरनं ऐकायचं? जमणार नव्हतं मला ते.

भोयरनं तोंड उघडलं, मिटलं, मग मुजावरभाऊंना म्हणाला, "नियम बोलायचा आहे म्हणावं."

"साहेबांना सांगा, गाणं ऐकायची हौस असेल तर रेडिओ लावा."

मी आत शिरले. पोटाखाली चटई, हातात टॉर्च, गळ्यात चकत्यांसाठी थैली. कड्याच्या आत वाकडं सरपटत जावं लागतं. तोंडापासून थोडं पुढं गेलं की बाहेरचा उजेड वळणाआड जातो. मागं पंखा घरघरत होता.

भट्टीसमोरची भिंत बघून माझा जीव सुखावला. हवा लागून काळपट झालेला जाड थर होता. मी चकती काढली, थैलीत टाकली, पान्यानं ठोका दिला.

"ठोका ऐकू येईना, मॅडम!" मुजावरभाऊ ओरडले. "पंख्याचा आवाज लई हाय!"

मी जोरात ठोकलं.

"न्हाई!"

"मग पंखा बंद करा थोडा वेळ! मीटर ठीक आहे ना?"

"ठीक हाय!"

बाहेर काहीतरी कुजबुज झाली. मग मुजावरभाऊंचा आवाज आला. "साहेब म्हणत्यात पंखा ऱ्हाऊ द्या, त्यापरीस बोला!"

"साहेबांना म्हणावं, साहेबांनी आपलं काम करावं!"

पंखा बंद झाला. एकदम शांत झालं. मी ठोकलं, ते खणखणीत वाजलं. मुजावरभाऊंनी बाहेरून "हां" म्हटलं. मी पुढं सरपटले.

पुढची चकती. थर होता, पण पातळ. मी म्हटलं, असू दे, थोडाफार फरक असणारच. ठोका दिला. त्याच्या पुढची चकती आणखी पातळ, एका कडेला फक्त डाग पडल्यासारखा. मी भराभर सरपटत पलीकडच्या बाजूला गेले. भट्टीच्या बरोबर विरुद्ध बाजू. तिथं टॉर्च टाकला आणि भिंत लखलखली. कोरं पोलाद. चकत्या जशा लावल्या होत्या तशाच, घासून ठेवलेल्या ताटासारख्या.

म्हणजे भोयर खरं बोलत होता. समितीसमोर मी तोंडावर पडणार होते. मोठी भट्टी विसरा. मी तिथंच गाल चटईला टेकवून पडले आणि मनातल्या मनात त्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या.

मग चकत्या काढायला लागले. स्क्रू हातातून निसटत होते. एक पडला, तो उचलायला गेले तर दुसरा पडला. मला हसू आलं. खरंच गंमत वाटली. मी त्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं आणि म्हटलं, किती छान चमकते आहे ही! एवढं काय रडायचं त्यात? एका भट्टीच्या जागी दोन ठेवाव्या. इतकं सोपं! मनावरचं सगळं ओझं उतरलं. महिनाभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. माझा हात आपोआप पाना ठोकत होता, ठक, ठक, आणि बाहेरून मुजावरभाऊ "हां" म्हणत होते.

कोऱ्या चकत्या थैलीत टाकून मी नाडी बांधली आणि मला भोयरची माया आली. बिचारा. खर्डा किती आवडतो त्याला. महिनाभर कॅन्टीनचं ते पाणचट पिठलं खातोय. कशासाठी भांडलो आम्ही? मला नीट आठवेना. मी मास्क खाली ओढला, कारण त्याच्याशी मास्कमधून बोलणं बरं दिसलं नसतं.

"पुंड्या," मी हाक मारली.

मी आणखी एक ठोका दिला.

"ए पुंड्या! ऐकतोस ना रे?"

"काय?" महिनाभरानं तो माझ्याशी थेट बोलला.

"तुझंच खरं रे. हितं कोरं आहे सगळं."

मी कोऱ्या भिंतीवरून बोट फिरवलं.

"शहाणा आहेस तू," मी म्हटलं. "मी उगाच भांडले. चुकलं माझं. ये, जेवायला जाऊ या."

आणि मग त्याचा तो आवाज सगळ्या कड्यात घुमला.

"मुजावरभाऊ! पंखा लावा! पंखा लावा, ती मरून राहिली!"

"अरे, मरत नाहीये," मी हसत म्हटलं, "माफी मागतेय."

कमरेला हिसका बसला. दोर ताणला गेला, मी हातभर मागं घसरले आणि अडकले. भिंतीतून पुढं आलेल्या एका पट्टीत दोर गुंतला होता. तो ओढेल तसा दोर माझ्या बरगड्यांत रुतायला लागला.

"इंदू, दोर अडकला! सोडव!"

"राहू दे रे."

"इंदू! मागं सरक! ऐकून राहिली ना तू? आर्गॉन आहे आत! दोर सोडव आणि सरक!"

त्याचं बोलणं मला सगळं कळत होतं. आर्गॉन आहे, दोर अडकलाय, मी मरणार. कळत होतं, पण त्याची काही निकड वाटत नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी पत्र वाचल्यासारखं. चटई मऊ होती. हात जड झाले होते. पाना कधी हातातून सुटला कळलं नाही. पंखा सुरू झाल्याचं ऐकू आलं, पण तो लांब तोंडाशी होता, मी पार पलीकडं. त्याची हवा माझ्यापर्यंत यायला वेळ होता आणि तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता. बाहेर धडपड ऐकू आली. तो आत शिरायला बघत होता. मुजावरभाऊ ओरडले, "साहेब, खांदं अडकत्यात! न्हाई जमायचं, साहेब!"

"इंदू, सरक बाई! तुझ्या पाया पडतो!"

"झोपते थोडी," मी म्हटलं.

यानंतर तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं. आवाजातली विनवणी एकदम गेली.

"झोप. झोप तू. तुले दुसरं येते काय? अवं, गवऱ्या थापल्या तू! आमची आजी गोठ्याच्या भिंतीवर शेण थापे, तेही तुझ्या लिथियमपेक्षा सारखं बसे! ही म्हणे शास्त्रज्ञ! साऱ्या केंद्राले उल्लू बनवलं!"

माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं.

"काय म्हणालास?"

"गवऱ्या म्हणलो! गवऱ्या थापणारी बाई! आणि तुझा तो खर्डा! तोंडात घालवत नाही! दया म्हणून खातो मी!"

"थांब," मी म्हटलं. "थांब तू तिथंच."

"कशाले थांबू? जातो मी. समितीले सांगतो, या इंदू चौगुले बाईनं भिंत सारवली. हिंमत असेल तर माझ्या तोंडावर येऊन बोल! आहे का हिंमत?"

खर्ड्यावर कुणी बोलायचं नाही. कोल्हापूरच्या बाजूच्या बाईला हे सांगावं लागत नाही. मी पट्टीत गुंतलेला दोर दातांनी आणि नखांनी ओढून मोकळा केला. कसा केला, देव जाणे. अंग मुडपून पोर्टकडं तोंड फिरवलं आणि कोपरांवर सरपटायला लागले. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचत होते. मधेच गुडघ्यातली ताकद जायची, मी पडायचे, की बाहेरून तो सुरूच. माझी भाकरी, माझी पीएचडी, माझं बुटकेपण, आमचं इचलकरंजी. एकेका शिवीला मी हातभर पुढं सरकत होते आणि तो मोकळा झालेला दोर ओढून घेत होता. मनात एकच होतं, बाहेर जायचं आणि याच्या मुस्काटात मारायची.

वळण संपलं. पंख्याची हवा तोंडावर आली. उजेडात एक मोठा हात दिसला, त्यानं माझी कॉलर पकडली आणि दोघांनी मिळून मला फरशीवर ओढून काढलं.

मी उताणी पडले. मुजावरभाऊंनी ऑक्सिजनचा मास्क माझ्या तोंडावर दाबला. भोयर शेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याचे दोन्ही खांदे पोर्टच्या कडेनं सोलून रक्ताळले होते. मी हात उचलला, ठरल्याप्रमाणं त्याच्या मुस्काटात मारायला. तो गालापर्यंत पोचला आणि तिथंच गळून पडला.

"मार," तो म्हणाला. "मार न. अजून मार."

डॉक्टरांनी मला दुपारपर्यंत झोपवून ठेवलं. तोवर मुजावरभाऊंनी शोध लावला होता. पलीकडच्या बाजूला खालून आर्गॉनची नळी येते. तिचा व्हॉल्व्ह घट्ट बंद केला तरी थोडा झिरपायचा, म्हणून कडं उघडताना ती नळीच काढून टाकायची आमची पद्धत होती. मला वाटलं भोयरनं काढली. भोयरला वाटलं मी काढली. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. पंखा चालू होता तोवर ते झिरपणं निभावलं. तो बंद केल्यावर आर्गॉन तळाशी साचत गेला आणि मी तिथं चटईला गाल लावून पडले. वर तोंडाशी टांगलेला मीटर बिचारा खोलीतली हवा मोजत राहिला.

संध्याकाळी मी भोयरच्या खोलीत गेले. तो टेबलाशी बसला होता, शर्टाच्या आत पट्ट्या बांधलेल्या दिसत होत्या. माझ्या गळ्यातली थैली त्याच्यापुढं होती, तिची नाडी मी बांधली होती तशीच होती.

"घेऊन जा," तो म्हणाला. "मी उघडली नाही."

"का?"

"तुझ्या चकत्या आहेत. आत तू जे बोलली ते तू नव्हती बोलत, आर्गॉन बोलत होता. ते मी धरत नाही. मुजावरभाऊ म्हणतात त्यांनी काही ऐकलं नाही, ते पंख्याकडं धावले होते."

"आणि तू जे बोललास ते?"

त्यानं मान खाली घातली. "खर्ड्याचं मनातलं नव्हतं. देवाशपथ."

"तुला कसं कळलं रे?" मी विचारलं. "मीटर ठीक होता. मी ठोकत होते. बोलतही होते."

"तू म्हणाली, तुझंच खरं," तो म्हणाला. "बारा वर्षं ओळखतो मी तुला. म्हटलं, संपलं. हिच्या डोक्यात हवा पोचत नाही आता."

मला यावर राग यायला हवा होता. आला नाही. मी थैली उचलली. ती माझ्या हातात होती आणि समिती यायला अजून वेळ होता. कोऱ्या चकत्या फक्त मी बघितल्या होत्या. हा माणूस जन्मात कुणाला काही सांगणार नव्हता, हेही मला पक्कं ठाऊक होतं. मी मनात आणलं असतं तर समितीपुढं भट्टीसमोरच्याच चकत्या गेल्या असत्या.

मी नाडी सोडली आणि सगळ्या चकत्या त्याच्या टेबलावर ओतल्या. काळपट एका बाजूला केल्या, डाग पडलेल्या मधे आणि लखलखीत कोऱ्या त्याच्या पुढ्यात सरकवल्या.

"या पलीकडच्या," मी म्हटलं. "एकीवरही लिथियम नाही. माझं चुकलं, पुंड्या. तुझंच खरं होतं."

त्यानं चकत्यांकडं बघितलंसुद्धा नाही. तो पांढराफटक पडला. खुर्ची मागं ढकलून उठला, भराभरा गेला आणि खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. मग दारही उघडलं. बाहेर माळावरचा वारा होता, तो टेबलावरचे कागद उडवत आत शिरला.

"श्वास घे," तो म्हणाला.

"घेतेय की."

"मोठा घे."

मी मोठा श्वास घेतला. सोडला. परत घेतला. तो माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.

"आता परत म्हण," तो म्हणाला.

"तुझंच खरं होतं," मी म्हटलं.

तो एवढा दांडगा माणूस, पण दाराची चौकट धरून तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.